नसेतली नस: सगळ्यात बारीक नळ्यांमध्ये रक्त साकळत का नाही?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, पेशंट सापडायला लागले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांत सगळे न्यूरॉलॉजिस्ट झाले होते. पाणी उकळून प्या, पनीर खाऊ नका, चिकन तर नकोच, आणि कुणाच्या पायाला जराशा मुंग्या आल्या की लगेच "हे तेच नाही ना?" माझा मामा राहतो नारायण पेठेत, पण त्यालाही वाटायला लागलं की आपल्याला जीबीएसच झालाय, कारण त्याचे तळपाय रात्री जळजळतात. कधीपासून, तर तीन वर्षं. आता जीबीएस काही तीन वर्षं दबा धरून बसत नाही, तो काही दिवसांत माणसाला आडवा करतो, पण हे मामाला कोण सांगणार, बँकेतून रिटायर झाल्यापासून तो पेपरातली प्रत्येक बातमी अंगाला लावून घेतो.

त्याच महिन्यात अजून एक झालं. मामा रोज पहाटे पर्वती चढतो. त्या दिवशी १०३ पायऱ्या चढून उतरून घरी आला, दारात चपला काढल्या, आणि मामीने बघितलं तर डाव्या चपलेत हरभऱ्याएवढा खडा आणि तळपायाची कातडी सोलवटून रक्त आलेलं. मामाला पत्ताच नाही! रात्री ज्या पायाची आग होते त्याच पायाला दिवसा खडा टोचलेला कळत नाही, हे त्याचं त्यालाच पटेना.

मग डॉक्टर. त्यांनी घोट्याच्या हाडाला ट्यूनिंग फोर्क लावला, डोळे मिटायला सांगून तळपायाला ठिकठिकाणी नायलॉनचा एक जाडसर धागा टेकवला, मामा निम्म्या वेळा "हं" म्हणालाच नाही, मग शुगरची सोळा वर्षांची फाइल चाळली आणि म्हणाले, "जीबीएस वगैरे काही नाही काका, ही डायबेटिसची न्यूरोपॅथी. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात." मामाने जिन्यातूनच मला फोन लावला. "नसेला रक्त पुरवायला परत वेगळी नस? अगं नस म्हणजेच रक्ताची नळी ना? तू बायोलॉजी शिकवतेस, सांग बघू." फोनवर काही धड सांगता आलं नाही म्हणून हे लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, अकरावी-बारावीला शिकवते, तेव्हा तेवढ्या बेताने वाचा.

## आधी "नस" या शब्दाचा घोळ

नस हा आपल्या भाषेतला फार लबाड शब्द आहे. "मानेची नस दबली" म्हणतो तेव्हा मज्जातंतू, "हाताची नस कापली" म्हणतो तेव्हा रक्ताची शीर, आणि "पायात नस चढली" म्हणतो तेव्हा तर स्नायू आखडलेला असतो, तिथे दोन्हींचा संबंध नाही. त्यामुळे मामाचा प्रश्न अजिबात वेडगळ नव्हता. इथून पुढे मज्जातंतू म्हणजे वायर, जिच्यातून संदेश जातात, आणि रक्तवाहिनी म्हणजे पाइप, जिच्यातून रक्त जातं. नस हा शब्द आता बाजूला ठेवू.

इलेक्ट्रिशियन जाड केबल सोलतो तेव्हा आधी वरचं जाड आवरण निघतं, आत तारांचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला आपापलं आवरण, आणि त्याच्या आत अगदी बारीक तारा. मज्जातंतू तसाच असतो. मांडीच्या मागून जाणारा सायटिक मज्जातंतू चांगला बोटाएवढा जाड असतो आणि त्यात असे कितीतरी गठ्ठे असतात. फरक असा की घरातली तार मेलेली असते, ही तार जिवंत पेशीची शेपटी असते. पायाच्या अंगठ्याला लागलेलं सांगणारी पेशी बसलेली असते कमरेपाशी, मणक्याच्या बाजूला, तिचं अंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढंही नसतं आणि तिची शेपटी जवळजवळ एक मीटर लांब. एवढ्या लांब शेपटीला खायला-प्यायला सगळं कमरेपासून पाठवणं काही जमणारं नाही, म्हणून वाटेत जागोजागी रक्तवाहिन्या येऊन मिळतात. वरच्या आवरणात जरा मोठ्या, त्यांच्या फांद्या गठ्ठ्याचं आवरण भेदून आत शिरतात, आणि आत केशवाहिन्या, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक, सात-आठ मायक्रॉनच्या नळ्या, तारांच्या जोडीने लांबच लांब जातात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि रक्ताची लाल पेशी साधारण तेवढीच रुंद, म्हणजे ती त्या नळीतून अंग चोरूनच जाते, बोळातून रिक्षा जाते तशी.

हे पाइप आहेत याचा अनुभव सगळ्यांना आहे. लग्नात पंगतीला मांडी घालून बसलात आणि वाढपी जिलबीचा आग्रह करत राहिला की उठताना पाय झोपलेला असतो. मज्जातंतू आणि त्याचे हे छोटे पाइप दोन्ही दाबले गेलेले असतात, उठलं की रक्त परत सुरू होतं आणि मुंग्यांचं मोहोळ उठतं. दोन मिनिटांत सगळं पूर्ववत. मामाचा त्रास असा की तिथे उठून उभं राहायची सोय नाही.

## रक्त पातळ राहतं ते काही फुकट नाही

घरी रक्त घ्यायला लॅबचा मुलगा येतो त्याच्याकडच्या ट्यूब बघितल्या असतील. जांभळ्या टोपणाची, निळ्या टोपणाची, लाल टोपणाची. जांभळ्या आणि निळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून आधीच रसायन घातलेलं असतं. लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये तसलं काही नसतं, आणि त्यातलं रक्त थोड्याच वेळात दह्यासारखं लागतं. आता गंमत बघा, तेच रक्त, तोच माणूस, शरीरात असताना सत्तर वर्षं वाहत राहतं आणि काचेत आलं की काही मिनिटांत साकळतं. म्हणजे रक्ताचा कल साकळण्याकडेच आहे, त्याला वाहतं ठेवतोय कोण, तर तो पाइप. पाइपच्या आतल्या भिंतीवर पेशींचा एकच थर फरशीसारखा बसवलेला असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात, मी पुढे नुसतं "भिंत" म्हणेन. ही भिंत गप्प बसलेली नसते.

कात्रजहून शनिवारवाड्याला पाणी आणणारा पेशवेकालीन नळ आठवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, आणि नुसता नळ बांधून सोडून दिलेला नाही, ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेत, तिथे खाली गाळ बसायचा आणि तो काढायची सोय होती. गाळ काढायची सोय नसती तर तो नळ कधीच बुजला असता. केशवाहिनीत माणूस उतरू शकत नाही, म्हणून भिंतीलाच स्वतःची सफाई ठेवावी लागते.

कसली सफाई? रक्तात थ्रॉम्बिन नावाचं एक एन्झाइम तयार होत असतं. कुठेतरी खरचटलं, कुठे सूज आली, की थोडंफार बनतंच. हे थ्रॉम्बिन रक्तातल्या फायब्रिनोजेन नावाच्या विरघळलेल्या प्रोटीनचे तुकडे पाडतं आणि त्याचे चिकट धागे होतात, त्यांना फायब्रिन म्हणतात, त्या धाग्यांच्या जाळ्यात पेशी अडकल्या की झाली गुठळी. इथपर्यंत ठीक आहे, भाजी चिरताना बोट कापलं तर हेच आपल्याला वाचवतं. पण थ्रॉम्बिनला एक वाईट खोड आहे, ते स्वतःला बनवणाऱ्या यंत्रणेलाही ढोसतं, म्हणजे थोडं झालं की जास्त होतं, जास्त झालं की अजून जास्त. त्याला वेळीच कुणी आवरलं नाही तर बोट कापलं म्हणून हातभर रक्त साकळायला काय हरकत?

## गर्दीतला सगळ्यात दांडगट पोरगा

आवरायची पद्धत मला फार आवडते. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडला जो पोरगा सगळ्यात जास्त ढकलाढकली करतो त्याला अनुभवी कार्यकर्ता काय करतो? हाकलत नाही. त्याच्या छातीला बिल्ला लावतो, हातात शिट्टी देतो आणि सांगतो, ही दोरी धर, कुणी आत येता कामा नये. पाच मिनिटांपूर्वी रेटारेटी करणारा तोच पोरगा आता घसा फोडून लोकांना मागे सारतो.

भिंतीवरचा हा कार्यकर्ता म्हणजे थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं प्रोटीन. १९८१ मध्ये चार्ल्स एस्मन आणि व्हायट ओवेन यांनी दाखवून दिलं की भिंतीवर असलं काहीतरी आहे. थ्रॉम्बिन वाहत वाहत आलं आणि या थ्रॉम्बोमोड्युलिनला चिकटलं की त्याचा स्वभावच पालटतो, फायब्रिनोजेनकडे ते ढुंकून बघत नाही, उलट प्रोटीन सी नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला जागं करायला लागतं, तेही एरवीपेक्षा साधारण हजारपट वेगाने. जागं झालेलं प्रोटीन सी मग गुठळी बनवणाऱ्या साखळीतल्या दोन महत्त्वाच्या कड्या, फॅक्टर पाच आणि फॅक्टर आठ, तोडून टाकतं, की नवीन थ्रॉम्बिन बनणंच मंदावतं. म्हणजे आग लावणाऱ्यालाच बंबावर बसवलं.

नावांचं सांगते, कारण वर्गात दरवर्षी विचारतात की सी म्हणजे काय. काही नाही. १९७६ मध्ये स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो यांनी रक्तातली प्रोटीन वेगळी करताना तिसऱ्या क्रमांकावर जे निघालं ते ए, बी, सी मधलं सी. त्याचा मदतनीस प्रोटीन एस, त्यातला एस हा सिएटल शहराचा. एवढा गहन विषय आणि नावं अशी, जणू चाळीतल्या खोल्यांचे नंबर.

भिंतीवर अजून दोघे-तिघे असतात. हेपरान सल्फेट नावाची साखरेची झालर असते, ती यकृतात बनलेल्या अँटिथ्रॉम्बिनला हाताशी धरून थ्रॉम्बिनला कायमचं निकामी करते. कोविडमध्ये ज्यांना पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली ते हेपरिन हा या झालरीचाच चुलतभाऊ. आणि टीपीए, जे बनलेले धागे विरघळवायला लावतं. पॅरालिसिसचा झटका आला की साडेचार तासांच्या आत द्यायचं म्हणतात ते महागडं इंजेक्शन म्हणजे हेच टीपीए, बाटलीत भरलेलं. भिंत ते घरच्या घरी थोडं थोडं बनवत असते.

## बारीक नळीतच हे जास्त चालतं, ते कसं?

मामाचा इथे आक्षेप असा की बारीक नळी म्हणजे आधी तुंबणार, मोरीचा पाइप बघ. बरोबर, मोरीचा पाइप तुंबतो, कारण त्याची भिंत मेलेली असते. जिथे भिंतच सफाई कामगार आहे तिथे हिशोब उलटा होतो. साधं गणित करून बघा. एक सेंटिमीटर रुंदीच्या मोठ्या रक्तवाहिनीत एक मिलिलिटर रक्त, म्हणजे पाव चमच्याहूनही कमी, भिंतीच्या किती भागाला टेकतं? चार चौरस सेंटिमीटर. पोस्टाच्या तिकिटाएवढं. तेच एक मिलिलिटर आठ मायक्रॉनच्या केशवाहिन्यांमध्ये वाटून दिलं तर ते टेकतं पाच हजार चौरस सेंटिमीटर भिंतीला. पेपर पूर्ण उघडून जमिनीवर पसरला तरी त्याहून मोठी जागा. म्हणजे मोठ्या वाहिनीतून सुटलेलं थ्रॉम्बिन केशवाहिन्यांच्या जाळ्यात शिरलं की चहूकडून कार्यकर्तेच कार्यकर्ते, दोन पावलांवर कुणीतरी बिल्ला लावतोच.

आता याची दुसरी बाजूही दिसतेच. मोठ्या वाहिनीला थ्रॉम्बोमोड्युलिन कमी पडलं तर तिला रक्ताच्या वेगाचा तरी आधार असतो. केशवाहिनीची सगळी मदार भिंतीवर. तिथले कार्यकर्ते सुट्टीवर गेले तर तिच्याकडे दुसरं काही नाही.

## मग मज्जातंतूतच असं काय वेगळं?

हे सगळं शरीरभर सारखं चालत असेल असं वाटतं, पण प्रत्येक पेठेचा आपला कायदा असतो. उदाहरणार्थ मेंदूच्या रक्तवाहिन्यांमध्ये थ्रॉम्बोमोड्युलिन बाकी अवयवांच्या मानाने फारच कमी असतं, १९८० च्या दशकात तर आधी वाटलं होतं की तिथे ते नाहीच. फुप्फुसात भरपूर. मज्जातंतूच्या आतली परिस्थिती कळायला जरा जास्त वेळ लागला, कारण माणसाचा मज्जातंतू तपासायचा तर तो कापूनच घ्यावा लागतो. बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा स्यूरल मज्जातंतू घेतात, तो फक्त संवेदना नेतो त्यामुळे तुकडा काढला तरी पाय हलायचा थांबत नाही, पण पावलाच्या कडेचा एक पट्टा बधिर राहतो. असं कुणी उगाच करून घेत नाही.

मज्जातंतूच्या गठ्ठ्यातल्या केशवाहिन्यांच्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, त्या एकमेकींपासून जरा लांब लांब असतात, स्नायूत असतात तशा दाटीवाटीने नाहीत, त्यामुळे एक बंद पडली की शेजारणीने सांभाळून घ्यायची सोय कमी. दोन, मेंदूला आपला रक्तपुरवठा जसा गरजेप्रमाणे कमीजास्त करता येतो तसं मज्जातंतूला फारसं जमत नाही, वरून जे येईल ते. लाइटचं बिल भरलं तरी व्होल्टेज महावितरणच्या हातात, तसं. एरवी मज्जातंतूची भूक कमी असल्याने हे चालून जातं. वर्षानुवर्षं चालून जातं. त्यामुळे बिघाड सुरू झालेला कळतही नाही.

शिवाय गठ्ठ्यात येणाऱ्या या नळ्यांच्या भिंतीत पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, वाट्टेल ते रक्तातून तारांपर्यंत जाऊ नये म्हणून. जागं झालेलं प्रोटीन सी फक्त गुठळी थांबवतं असं नाही, ते ही शिवण घट्ट ठेवायला आणि सूज आवरायलाही मदत करतं. आणि मोकाट थ्रॉम्बिन तारांवरच्या आवरणाच्या पेशींनाही त्रास देतं, त्या पेशींवर थ्रॉम्बिन ओळखणारी बटणंच असतात. तेव्हा कार्यकर्ता गैरहजर असला की नुकसान तिहेरी.

## शुगर वाढली की भिंतीचं काय होतं

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत भारतात डायबेटिसचे १०.१ कोटी लोक असल्याचा अंदाज होता. त्यातल्या खूप जणांच्या पायांशी आपला विषय येऊन भिडतो.

शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या बारीक नळ्यांची बाहेरची बैठक जाड होत जाते, आतल्या पेशी सुजतात, पोकळी अरुंद होते. वाड्याच्या भिंतीला दर दिवाळीला रंगाचा नवीन थर देत गेलात आणि जुना कधी खरवडलाच नाही तर शेवटी दार लागेनासं होतं, तसं काहीसं. डायबेटिसच्या मज्जातंतूंमधल्या बारीक वाहिन्यांत फायब्रिन आणि प्लेटलेटचे बोळे पॅथॉलॉजिस्टना पूर्वीच दिसलेले होते, पण ते तिथे का साठतात हे नीट कळत नव्हतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यूरोपॅथी झालेल्या डायबेटिसच्या पेशंटचे मज्जातंतूचे तुकडे तपासले तेव्हा गठ्ठ्याच्या आतल्या बारीक वाहिन्यांवर थ्रॉम्बोमोड्युलिन खूपच कमी सापडलं. पुढे काही वर्षांनी टीपीएही कमी असल्याचं दिसलं. म्हणजे गुठळी रोखणाराही कमी आणि झालेली विरघळवणाराही कमी.

कार्यकर्ते जातात कुठे? काही बनतच नाहीत, कारण सूज असली की पेशी थ्रॉम्बोमोड्युलिन बनवणं कमी करते. काही भिंतीवरून तुटून रक्तात वाहून जातात. आणि काही जागेवर असून निकामी होतात, सिगारेटच्या धुराने हे होतं असं प्रयोगशाळेत दिसलंय, त्या प्रोटीनमधला एक ठराविक कण धुराने गंजतो आणि मग त्याला थ्रॉम्बिन वळवता येत नाही. डायबेटिस असून सिगारेट ओढणाऱ्यांना डॉक्टर एवढे का ओरडतात त्याचं हे एक छोटं कारण, मोठी कारणं वेगळीच आहेत.

आता सगळा दोष या एका प्रोटीनवर टाकायची मला घाई नाही. जास्त शुगर तारांच्या पेशींना थेटही पोळते, आणि आधी तार बिघडली की आधी पाइप, यावर बरीच वर्षं वाद चाललेत. मला तरी वाटतं दोन्ही एकमेकांना ओढतात. पण सर्वात लांब तारा सर्वात आधी का जातात, म्हणजे पायाची बोटं आधी, मग घोटा, मग गुडघ्याच्या आसपास आल्यावर हाताची बोटं, मोजे घालावेत तसं वर वर का चढतं, हे एक मीटरच्या शेपटीचा विचार केला की समजायला सोपं जातं. आणि जळजळ आणि बधिरपणा एकाच पायात कसा, तर मरायला टेकलेली तार खोटे संदेश पाठवते आणि मेलेली तार काहीच पाठवत नाही. मामाच्या पायात दोन्ही प्रकारच्या आहेत.

## "मग मी रक्त पातळ करायची गोळी चालू करू का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीतच होतं. नाही. आधी ते "पातळ" डोक्यातून काढा, या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखं होत नाही, त्याची साकळण्याची क्षमता कमी होते, एवढंच. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटना चिकटू देत नाही. वॉरफरिन व्हिटॅमिन केच्या कामात खो घालतं, म्हणून तर ती गोळी चालू असलेल्यांना मेथी-पालक एक दिवस ढीगभर आणि एक दिवस काहीच नाही असं करू नका सांगतात. या दोन्ही गोळ्या सगळ्या शरीरावर सारख्या चालतात, आणि आपला बिघाड आहे घोट्याखालच्या आठ मायक्रॉनच्या नळीच्या भिंतीत. गल्लीतला एक दिवा गेला म्हणून अख्ख्या शहराचं व्होल्टेज वाढवण्यातला प्रकार. अ‍ॅस्पिरिनने न्यूरोपॅथी बरी होते असं सिद्ध झालेलं नाही, पोटात रक्तस्राव मात्र होऊ शकतो. हार्टसाठी डॉक्टरांनी दिली असेल तर ती त्या कारणासाठी आहे, ती मनाने बंदही करू नका.

वॉरफरिनची तर एक तऱ्हा अशी की ते प्रोटीन सी पण कमी करतं. प्रोटीन सी रक्तात काही तासच टिकतं, गुठळी बनवणारे बरेचसे फॅक्टर त्याहून जास्त टिकतात, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस गोळी गुठळी रोखायच्या ऐवजी कल उलटा करू शकते, क्वचित कुणाची कातडी काळी पडते. म्हणून तातडीच्या गुठळीत सुरुवातीला जोडीने हेपरिन देतात. मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची ही गोळी नव्हे.

## "लसूण? जळवा?"

लसणाने चव येते, भिंतीवर थ्रॉम्बोमोड्युलिन उगवत नाही. जळवांची गोष्ट मात्र खरंच मजेची आहे. सुश्रुतसंहितेत जळवा लावायचं सविस्तर वर्णन आहे, आणि १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट यांना जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला, त्याला पुढे हिरुडिन म्हणाले. हे हिरुडिन थेट थ्रॉम्बिनलाच पकडतं. पण जळू हे स्वतःच्या जेवणासाठी करते, आपल्या मज्जातंतूसाठी नाही, आणि डायबेटिसच्या बधिर पायावर जखम करून घेणं म्हणजे सगळ्यात मोठा मूर्खपणा, कारण ती जखम चिघळली तर कळणारही नाही.

## "मग ते प्रोटीनच इंजेक्शनने का देत नाहीत?"

करून बघितलंय, डायबेटिससाठी नाही पण रक्तात इन्फेक्शन पसरलेल्या पेशंटसाठी. जागं केलेलं प्रोटीन सी औषध म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत झायग्रिस नावाने मंजूर झालं, रक्तस्रावाचा धोका होताच, पुढच्या मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही आणि २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं. थ्रॉम्बोमोड्युलिनचा विरघळणारा भाग जपानमध्ये २००८ पासून वापरतात, अंगभर बारीक गुठळ्या होतात त्या गंभीर आजारात. अडचण कळते का बघा, बाहेरून दिलेलं प्रोटीन रक्ताबरोबर फिरत राहतं, भिंतीवर जाऊन बसत नाही. मिरवणुकीत पन्नास भाडोत्री कार्यकर्ते सोडले तरी ज्या बोळाच्या तोंडाशी माणूस हवा तिथे तो उभा राहीलच असं नाही.

## जीबीएसचं काय मग?

थोडक्यात, तो वेगळा आजार. जुलाबाच्या इन्फेक्शननंतर, पुण्यात काही पेशंटमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला होता, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती चुकून मज्जातंतूंच्या आवरणावर तुटून पडते. पाइप नाही, वायरवरच हल्ला. दिवसांत वाढतो, अशक्तपणा जास्त, आणि बरेच जण सावरतात. आपल्या विषयाशी एकच धागा जुळतो: आयव्हीआयजी, म्हणजे जीबीएसवर अँटिबॉडीजच्या ज्या महाग बाटल्या चढवतात, त्यांनी क्वचित गुठळी होऊ शकते आणि पेशंट अंथरुणाला खिळलेला असतो, म्हणून हालचाल बंद झालेल्यांना पोटात हेपरिनची इंजेक्शनं देतात. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की "जीबीएसमध्ये रक्त गोठतं", त्याचा उगम बहुधा हाच.

## मामाचं पुढे

डॉक्टरांनी एक टेस्ट लिहून दिली होती जी मामा "अनावश्यक" म्हणून टाळत होता, बी१२ ची. मामा शाकाहारी, वर दहा वर्षांपासून शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी, आणि मेटफॉर्मिनने बी१२ कमी होऊ शकतं, आणि बी१२ कमी झालं तर त्याने स्वतंत्रपणे असाच मुंग्या-बधिरपणा येतो. शिवाय बी१२ घटलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं, आणि जास्त होमोसिस्टीन थ्रॉम्बोमोड्युलिनच्या कामात अडथळा आणतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. रिपोर्ट आला, बी१२ तळाला. इंजेक्शनं सुरू झाली. शुगर आता बरी आहे, जळजळ कमी, बधिरपणा तेवढाच. चपला जाऊन बंद सँडल आले, आणि घालायच्या आधी ते उलटे करून उंबऱ्यावर आपटायचे, हे काम मामीने स्वतःकडे घेतलंय. रात्री झोपताना तळपाय आरशात बघायचे, आरसा जमिनीवर ठेवून.

हे सगळं वाचून दाखवल्यावर मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं, मग माझं ते थ्रॉम्बोमोड्युलिन किती आहे ते मोजून घेऊ. कुठल्या लॅबमध्ये करतात?" मी म्हटलं, "मामा, नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही ते. आणि झालं तरी रक्तातलं मोजणार. भिंतीवरचं तुटून रक्तात आलं की आकडा वाढतो. म्हणजे रिपोर्टमध्ये जास्त आलं तर खूश होऊ नकोस, भिंतीवर कमी झालंय असं समज."

"म्हणजे पैसे देऊन उलटा रिपोर्ट," मामा म्हणाला, आणि चष्मा काढून ठेवला.